बिनपाटीचे मिस्त्री: जळक्या घराच्या कामाचा माझा अनुभव

साडेतीन तारे देण्याची सोय नाही म्हणून चार देते. कापायचा राहिलेला अर्धा छतावरच्या शहाबादी फरशीच्या उताराचा आणि न दिलेल्या बिलाचा. त्याचं पुढे सांगतेच.

धुळ्यात जुन्या धाब्याच्या घरांचं लाकूडकाम करणारे एक मिस्त्री आहेत. पडकी घरं तर घेतातच, पण त्यांची खरी ओळख जळक्या घरांसाठी. दुकानाला पाटी नाही. आधी होती म्हणतात, वडिलांच्या नावाची, पिवळ्यावर लाल अक्षरं. २००८ साली ती गेली आणि यांनी पुन्हा लावली नाही. का नाही लावली विचारलं तर म्हणाले, "पाटी वाचीसन कोन काम दिन्हं? हात पाहीसन देतस."

म्हणून मीही इथे नाव लिहीत नाही. त्यांचं नाही, माझं नाही, शेजाऱ्यांचंही नाही. आमच्या गावात नाव वाचलं की पुढचं वाचायची लोकांना गरज वाटत नाही. पत्ता हवा असेल तर जुन्या धुळ्यातल्या कुठल्याही लाकडाच्या वखारीत जा आणि "जळकं तासणारे मिस्त्री" एवढंच विचारा. पोरगं सोबत येऊन दाखवतं.

आता माझ्या घराचं. मी शिवणकाम करते, तीस वर्षं झाली. घर सासऱ्यांच्या वेळचं, तीन खणांचं, वर फूटभर मातीचं धाबं. खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याची नवी पेठ आखली, तशा ह्या आमच्या दोरी लावून सोडल्यासारख्या सरळ गल्ल्या. नावंसुद्धा नाहीत, नुसते नंबर. सरळ गल्लीचा एक फायदा, हवा खेळती राहते. एक तोटा, टोकाला जमलेला घोळका पार दुसऱ्या टोकापर्यंत दिसतो आणि त्यालाही आपण दिसतो.

ऑक्टोबर २००८ ची दंगल. ईदचे कपडे नुकतेच देऊन झाले होते आणि दसऱ्याचे ब्लाउज मशीनवर होते. आम्ही मागच्या दाराने निघालो ते गावातल्याच देवपूर भागात, नणंदेकडे. चौथ्या दिवशी संचारबंदी दोन तास उठली तेव्हा हे जाऊन बघून आले आणि काही बोललेच नाहीत. मी गेले तेव्हा मधला खण खाली आलेला, मातीच्या ढिगातून छताच्या लाकडी कड्यांची काळी टोकं बाहेर, आणि उषाचं मशीन तसंच उभं. लाकडी पाट जळून गेलेला, लोखंडी स्टँडवर नुसतं डोकं तिरपं अडकलेलं.

पंचनाम्यात आमचा संसार "घरगुती साहित्य" ह्या एका ओळीत बसला. गिऱ्हाइकांची एकतीस ब्लाउजपिसं जळली होती, ती धरली नाहीत. बरोबरच होतं त्यांचं, कापडं माझी नव्हतीच. ती मी पुढच्या दीड वर्षात भरून दिली. एकतीसपैकी तीस. एकतिसावीचं पुढे येईल.

मिस्त्रींच्या आधी एक ठेकेदार होता, त्याचं नाव लिहिण्याचीही माझी इच्छा नाही. २००९ मध्ये त्याने वर पत्रे टाकून दिले, तेवढं काम मात्र चांगलं. मग म्हणाला, हे सगळं लाकूड कोळसा झालंय, उतरवून फुकट घेऊन जातो, तुम्ही स्लॅब टाका. नमुना म्हणून तीन कड्या नेल्या त्या परत आल्या नाहीत. २०१२ च्या दिवाळीनंतर साठ हजार आगाऊ घेतले आणि कॉलमसाठी दोन खड्डे खणले. मग ६ जानेवारी २०१३ चा रविवार आला. एका हॉटेलात बिलावरून भांडण झालं, त्याची दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. किती रुपयांचं बिल, ह्यावर गावात अजून वाद घालतात. ठेकेदार त्यानंतर खड्डे बुजवायलाही आला नाही.

आले ते दलाल. दोन्ही वेळेला आले. दंगलीनंतर पंधरा दिवसांत जो माणूस नीट इस्त्री केलेल्या शर्टात तुमच्याकडे चहाला येतो, त्याला ओटा ओलांडू देऊ नका, एवढाच माझा सल्ला. "आता इथे तुमचे किती उरले?" हे त्याचं पहिलं वाक्य असतं, आणि भाव त्यानंतर निघतो. शेजारच्या गल्लीत तेच वाक्य तो दुसऱ्या बाजूच्या लोकांना ऐकवून आलेला असतो.

ह्यांना परत जायचं नव्हतं. २०२० मध्ये कोरोनात हे गेले. देवपूरचं भाडं माझ्या एकटीच्या शिवणकामातून निघेना, तेव्हा मी घराचं मनावर घेतलं. परत जाण्यामागे काही मोठा विचार होता असं कुणी लिहू नये. भाड्याचा हिशोब होता.

मिस्त्री पहिल्यांदा आले ते २०२२ च्या दिवाळीनंतर, हातात फक्त लाकूड तासायचा वाकस आणि गिरमिट. अर्धा तास एक शब्द नाही. प्रत्येक कडीला वाकसाच्या पाठीने ठोकायचं आणि कान लावायचा. मध्येच गिरमिटाने भोक पाडून निघालेला भुसा तळहातावर घेऊन वास घ्यायचा. काळा भुसा, काळा, काळा, आणि मग एकदम पिवळा. सागाचा वास चौदा वर्षांनी त्या घरात आला. मला म्हणाले, "लाकूड आजून जित्तं शे, ताई."

मला वाटलं, गिऱ्हाईक गटवायचं बोलणं. पण त्यांनी समजावून सांगितलं ते पटलं. बारीक लाकूड जळून जातं. जाड सागाचं तसं नाही. त्याचा बाहेरचा थर जळून कोळसा झाला की तोच आतल्या लाकडाला पांघरूण होतो, आच पुढे सावकाश सरकते. त्यात आमचं धाबं. मधल्या खणातल्या कड्या तुटल्या तशी वरची सगळी माती खाली आली आणि तिनेच आग दाबली. बंब नंतर आला. म्हणजे जे छप्पर कोसळलं म्हणून मी इतकी वर्षं रडले, त्याने बाकीचं घर वाचवलं होतं. मुख्य सर, म्हणजे कड्या पेलणारं मोठं आडवं लाकूड, आठ इंच जाडीचा, खालून इंचभर गेला होता आणि बाजूंनी त्याहून कमी. तासून काढला तर सहा-साडेसहा इंच शुद्ध साग उरतो. आजच्या भावाने तसं लाकूड घ्यायला गेले असते तर घर विकूनच घ्यावं लागलं असतं.

सगळंच जित्तं नव्हतं, तेही त्यांनी तितक्याच सरळ सांगितलं. सत्तावीस कड्यांतल्या तीन ठेकेदाराने नेलेल्या, आठ गेलेल्या, सोळा वाचल्या. भिंतीत गेलेली टोकं आगीने नाही, वाळवीने खाल्लेली. तिथे त्यांनी जुन्या कडीला नवा तुकडा खाचेत बसवून जोडला आणि आरपार बोल्ट मारले. तो सांधा बघायला मी स्टुलावर चढले होते. मला सांध्यातलं कळतं. बाहीचा घोळ आणि मुंढ्याचा घोळ जुळला नाही की ब्लाउज कितीही भारी कापडाचा असो, हात वर केला की ओढतो. त्या सांध्यात पोस्टकार्डही जात नाही.

भिंतींवरची काजळी हा वेगळा ताप. आधीच्या ठेकेदाराने वरून रंग मारला होता तो दर पावसाळ्यात पिवळा होऊन फुटायचा. मिस्त्रींच्या गवंड्याने सैल झालेला गिलावा सगळा पाडला, उरलेल्यावर सोड्याच्या पाण्याने दोनदा घासलं, टाचे मारले आणि नव्याने गिलावा केला. तरी वैशाखात दुपारी दार बंद असलं की मला अजून वास येतो. मुलगी म्हणते, येत नाही. ह्याचा तारा मी त्यांचा कापलेला नाही.

आता तक्रारी.

एक. ते वेळेवर येत नाहीत. फोन केला की "येस, येस" म्हणतात. पुण्याहून आलेला माझा जावई खूश झाला, मिस्त्री इंग्रजीत होकार देतात म्हणून. अहो, ते अहिराणीतलं "येतो" आहे. दोन्ही भाषांत धरलं तरी ते त्या दिवशी येत नाहीत. शिवाय आठवड्यातला एक दिवस पक्की सुट्टी. कुठला दिवस ते सांगत नाही, सांगितलं की तुम्ही लगेच ओळखाल.

दोन. छताचा उतार. कड्यांवर फळ्या, त्यावर शहाबादी आणि वर कोबा, असं ठरलं. माती पुन्हा टाकू म्हणाले होते, पण खारी माती आणून थापणारे हात आता मिळत नाहीत, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी वर चढून माती सारखी करणार कोण? ते मला पटलं. पण ईशान्येच्या कोपऱ्यात उतार चुकला. पहिल्याच जुलैत तिथे पाणी साचून गळलं, ते नेमकं कापडाच्या कपाटावर. तीन खेपा मारून नीट केलं, पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या पावसाळ्यात गळलं नाही. आणि एक, मे महिन्यात त्रेचाळीसला पारा गेला की मातीच्या धाब्याची आठवण येते. शहाबादी रात्री अकरापर्यंत ऊन सांभाळून ठेवते.

तीन, आणि हे गंभीर आहे. ते पक्कं बिल देत नाहीत. हिशोब प्लायच्या तुकड्यावर शिसपेन्सिलीने लिहितात आणि काम संपलं की तो तुकडा कुठेतरी पाचर म्हणून ठोकून देतात. मी घराचा विमा काढला तेव्हा मला कळलं की आगीच्या साध्या पॉलिसीतसुद्धा दंगलीतलं नुकसान धरलेलं असतं. आधी कुणी सांगितलं असतं तर! पण नुकसानभरपाई मागायची तर पोलिसातली फिर्याद लागते आणि काय होतं त्याचा पुरावा लागतो. प्लायचा तुकडा कोण धरणार? मग मी एक दिवस त्यांना समोर बसवलं आणि माझ्या मापाच्या वहीत सगळं लिहून सही घेतली. एकूण दोन लाख सव्वीस हजार, लाकूड, मजुरी, गवंडी धरून. तुम्हीही वही तयार ठेवा.

आता जे सांगायला बसले ते.

आमची पूर्वेची भिंत सामाईक. दीड हात जाड, माती आणि वीट. आमचा सर आणि शेजाऱ्यांचा सर एकाच भिंतीत दोन्हीकडून टेकलेले. शेजाऱ्यांचंही घर तेव्हा आतून जळालं होतं. कोणी जाळलं हे दोन्ही घरं आपापल्या परीने सांगतात. २००८ नंतर ते सुरतेला मुलाकडे गेले, दाराला कुलूप. चौदा वर्षांत एक फोन नाही. आमचाही नाही.

मी मिस्त्रींना म्हटलं, आमच्या बाजूने भिंत घ्या, त्यांच्याशी मला काही करायचं नाही. त्यांनी वाकस पिशवीत घातला. "भीत दोन्हीसनी शे, ताई. त्यासले बलावा." मी म्हटलं, दुप्पट देते. ते म्हणाले, एका बाजूने सर उचलला तर पलीकडचा खाली बसेल, त्यांच्या घरात धिरा लावल्याशिवाय हात लावणार नाही. मला वाटलं, कामाच्या नावाखाली समेट घडवायला निघालेत. शांतता समितीतल्या लोकांना असला सोस असतो. सणाच्या आधी बैठक, चहा, बिस्किटं, फोटो, आणि मग पुढच्या सणापर्यंत कोणाचा पत्ता नाही. भिवंडीत १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या केल्या त्या अशा नव्हत्या म्हणतात. तिथे शांततेच्या दिवसातही माणसं एकमेकांसमोर बसत, आणि १९९२-९३ ला मुंबई पेटली तरी भिवंडी शांत राहिली. पण मिस्त्रींना समितीशी घेणंदेणं नव्हतं. त्यांना खरंच सर पडण्याची भीती होती. मी ते नंतर डोळ्यांनी बघितलं, वीट काढली तर दोन्ही सरांची टोकं एकाच दगडावर होती.

तीन आठवडे काम बंद. शेवटी सुरतेला फोन मिस्त्रींनीच लावला आणि माझ्या हातात दिला. मी "हॅलो" म्हटलं आणि तिकडून "कोण, ताई का?" आलं. आवाज ओळखला होता.

दोघं नवराबायको आले. ओट्यावर बसले. मी चहा केला, त्यांनी घेतला, पण अर्धा ठेवला. भाऊंनी भिंतीकडे बघत विचारलं, खर्च किती? एक्केचाळीस हजार. निम्मे माझे, म्हणाले, दोन हप्त्यांत देतो. फोनपेवर साडेवीस हजार दोन वेळेला मिळून आले, एक दिवस इकडे तिकडे नाही.

गल्लीच्या तोंडाशी त्या दिवशी जे उभे होते, त्यांत त्यांचा धाकटा होता की नव्हता, हे मला चौदा वर्षं विचारायचं होतं. वाक्य तयार होतं. मी विचारलं नाही. त्यांनाही माझ्या दिराबद्दल काही विचारायचं असणार, कारण वहिनींनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा चहाची बशी पुसली.

मग त्या म्हणाल्या, "माझं ते मोरपंखी पीस गेलं ना तेव्हा?" एकतिसावी ती. मोरपंखी, जरीचा काठ, पुढचा गळा पानाचा. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी देणार होते. मी म्हटलं, हो, राहिलंय माझ्याकडे तुमचं. आणि माप घेतलं. वहीत जुनं माप असतं तर कळलं असतं किती बदललंय, पण ती वही त्यातच गेली.

काम चालू असताना नाशिकहून आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी मिस्त्रींचे सांधे मोजायला येत होती. तिने बोस्नियाचं सांगितलं. १९९५ ला तिथलं युद्ध संपवणारा डेटनचा तह झाला, त्यात लिहूनच दिलं होतं की युद्धात घर सुटलेल्या प्रत्येकाला आपलं मूळ घर परत मिळण्याचा हक्क आहे. वीस लाखांवर माणसं उठली होती, २००४ पर्यंत दहा लाख परतल्याची नोंद झाली. पण पुष्कळांनी घर परत मिळवलं आणि विकून टाकलं. मला ते ऐकून चमत्कारिक वाटलं नाही. घर आपलं आहे हे आधी कुणीतरी मानावं लागतं, मग ते विकायचं की राहायचं हे आपण बघू.

त्याच्या उलटचंही मी वाचलेलं होतं. मी कटिंगला जुने पेपर वापरते, त्यामुळे बातम्या मला कापता कापता कळतात. मुझफ्फरनगरला २०१३ मध्ये दंगल झाली, तिथल्या उठलेल्या कुटुंबांना उत्तर प्रदेश सरकारने पाच लाख रुपये दिले. अट अशी, की गावी परतणार नाही असं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं. ती बातमी माझ्या एका गिऱ्हाइकाच्या पाठीच्या कटिंगवर आली होती. मी तो कागद फेकला नाही, अजून खिळ्याला आहे. माझी आई जळगावची. ८ मे १९७० ला तिथे दंगल झाली तेव्हा ती सतरा वर्षांची. पुढे न्यायमूर्ती मादन आयोगाने भिवंडी, जळगाव, महाड तिन्हीकडची चौकशी केली, जाडजूड अहवाल झाला. आई म्हणायची, अहवालात सगळं आलं, फक्त कोण कुठून कुठे राहायला गेलं ते नाही आलं. तिच्या गल्लीतली अर्धी घरं दोन वर्षांत बदलली आणि त्यासाठी कुणाला प्रतिज्ञापत्र लिहून द्यावं लागलं नाही.

मिस्त्रींकडे परत. वागणुकीचं विचाराल तर पहिले पंधरा दिवस त्यांनी घरून पाण्याची बाटली आणली. मीही विचारलं नाही. मग एका दुपारी कळण्याची भाकरी आणि भरीत केलं होतं, त्या वासाने त्यांचा पोऱ्या घुटमळला आणि मी दोघांना ताट वाढलं. मिस्त्री म्हणाले, मिरची कमी शे. त्यानंतर बाटली आली नाही, पण जेवणाबद्दलच्या सूचना रोज आल्या.

काम संपल्यावर सराच्या उरलेल्या तुकड्यातून त्यांनी माझ्या मशीनचा पाट करून दिला. डोकं आम्ही चार दिवस रॉकेलमध्ये बुडवून सोडवलं होतं, ते त्यावर बसलं. पाटाची एक कड त्यांनी मुद्दाम तासली नाही, काळीच ठेवली. मी म्हटलं, ही राहिली. म्हणाले, राहू द्या. मला ते आवडलं नाही, कापडाला डाग पडतो. मी त्यावर सेलोटेप लावली आहे.

कोणाला उपयोग होईल म्हणून: दिवाळी ते होळी ह्या काळातच सांगा, नंतर ते घेत नाहीत. भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्याचा नंबर आधी शोधून ठेवा, नाहीतर माझ्यासारखे तीन आठवडे जातील. आगाऊ रक्कम फार मागत नाहीत. वही विसरू नका.

मोरपंखी ब्लाउज मी गेल्या दसऱ्याला सुरतेला पाठवला. भाऊंच्या घराला अजून कुलूप आहे. मध्ये इस्त्रीचा शर्टवाला त्यांच्याकडे सुरतेपर्यंत जाऊन आल्याचं कळलं, पुढे काय झालं ते मला माहीत नाही. भिंत पक्की झाली, फक्त त्यांच्या बाजूचा गिलावा राहिलाय. मागच्या आठवड्यात मिस्त्रींना फोन केला होता. म्हणाले, "येस, येस."